ताई, थँक्यू आधीच म्हणून ठेवतो

ताई, नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण फोनवर थँक्यू म्हणायला गेलो की तुम्ही "बरं बरं, ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार टोक) लावून प्रॅक्टिस केलीस का ते सांग" म्हणून विषय बदलता. आणि परत आल्यावर न लिहिता निघायच्या आधीच लिहितोय, कारण नंतर सगळे एवढंच विचारणार, शिकारीत मिळाला का एल्क, आणि तुम्ही वर्षभर माझ्यासाठी जे केलंत ते त्यात कुठेतरी राहून जाणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी डेन्व्हरला असतो, आयटीवाला, मूळचा साताऱ्याकडचा, आणि २ सप्टेंबरला कोलोरॅडोचा आर्चरी सीझन, म्हणजे धनुष्यबाणाने शिकार करायचा हंगाम, उघडला की फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांच्या बाजूला नॅशनल फॉरेस्टमध्ये गाईड न घेता एकटा एल्कच्या मागे जाणारे. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ समजा, मोठा नर सातशे पौंडांचा सहज असतो. नक्की कुठली दरी ते लिहीत नाही, लिहिलं तर ताई मला परत दारात उभं करणार नाहीत.

ताई, आठवतं का, बाणांच्या सरावाच्या रेंजवर पहिल्यांदा मी तुम्हाला मोबाईलवरचा नकाशा दाखवला होता, सात पिना, एकेक पिन रस्त्यापासून चार-पाच मैल आत, मी एकदम खूश, कारण व्हिडिओ बघून बघून डोक्यात बसलेलं की जेवढं आत जाल तेवढी गर्दी कमी. तुम्ही शांतपणे चहा पीत विचारलंत, "आणि मग मांस?" मी म्हटलं, आणीन की पाठीवर. मग तुम्ही बिलाच्या मागे हिशोब मांडलात. हाडं काढली तरी दोनशे पौंडांच्या आसपास, एका खेपेला पन्नास, म्हणजे चार खेपा, चार वेळा भरलेलं यायचं आणि मधे तीन वेळा रिकामं परत जायचं, एकूण सात फेऱ्या, चार मैलांची एक, झाले अठ्ठावीस मैल. म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर, तेही दहा हजार फुटांवर, आणि सप्टेंबरच्या दुपारी तिथे ऊन असतं, मांस खराब होऊ शकतं, त्यामुळे घड्याळ चालूच. तो बिल अजून माझ्या पाकिटात आहे.

मी म्हटलं मग हातगाडी नेतो. तुम्ही हसलात ते रेंजवरच्या सगळ्यांनी वळून बघितलं. विल्डरनेस म्हणून जाहीर केलेल्या भागात चाक असलेलं काहीच चालत नाही, सायकल नाही नि शिकार ओढायची हातगाडी, गेम कार्ट, पण नाही, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सातातल्या पाच पिना उडाल्या. उरलेल्या दोन कुठे ठेवायच्या ते आपण फॉरेस्ट सर्व्हिसच्या गाडी-रस्त्यांच्या फुकट नकाशावर बसून ठरवलं, गाडी कुठपर्यंत कायदेशीर जाते ते आधी आणि एल्क कुठे असेल ते नंतर. उत्तरेकडच्या उतारावरचं दाट जंगल, खाली पाणी, आणि गाडी दीड मैलावर, तेही परत येताना उतार.

खरं सांगू का, मला वाटलं होतं तुम्ही नेम शिकवाल. नेम शिकवलातच, रोज ऑफिसला जायच्या आधी एकच बाण, वॉर्मअप नाही, गुडघ्यावर बसून, पाठीवर बॅग, आणि त्या एकाच बाणाचा स्कोअर लिहायचा कारण जंगलात दुसरा मिळत नाही. चाळीस यार्डांच्या पुढे मारायचं नाही हे पण त्याच वहीतून ठरलं, माझ्या बढायांवरून नाही. कायद्याला ओढायला किमान पस्तीस पौंड जोर लागणारं धनुष्य चालतं, मी साठचं ओढतो, पण थंडीत तीन तास बसल्यावर ते साठ किती जड होतं ते तुमच्या गॅरेजचं दार उघडं टाकून जानेवारीत दाखवलंत, त्याबद्दल मात्र थँक्यू म्हणणार नाही.

वाऱ्याचं सांगतो. सकाळी गार हवा दरीत खाली उतरते, ऊन चढलं की वर जायला लागते, संध्याकाळी परत खाली, आणि एल्कला वास गेला की संपलं. त्यासाठी लोक दुकानातून पावडरची बाटली आणतात, तुम्ही डोळ्यांच्या ड्रॉप्सच्या रिकाम्या बाटलीत तांदळाची पिठी भरून दिलीत. चिमूटभर उडवली की वारा कुठे जातोय ते कळतं. मोदकाच्या पिठीतली आहे का हे विचारायचं राहिलंच.

आईला मी फक्त ट्रेकिंग सांगितलंय. आमच्याकडे आजोबा माळकरी, घरात अंडं शिजत नव्हतं, आणि भारतात १९७२ च्या कायद्याप्रमाणे शिकार म्हणजे गुन्हाच, त्यामुळे माझ्या मनात पण बरेच दिवस खळखळ होती. तुम्ही समजूत काढायला बसला नाहीत. एवढंच म्हणालात की इथे खाण्यालायक मांस जंगलात टाकून आलास तर तो गुन्हा आहे, आणि तुझ्या धनुष्यावर अकरा टक्के जो कर भरलास तो वन्यप्राण्यांच्या कामाला जातो. नंतर वाचलं तर धनुष्यबाणावरचा तो कर पण १९७२ चाच निघाला. योगायोग बघा. पोटातली खळखळ पूर्ण गेलेली नाही, पण तुम्ही म्हणालात ती गेली तर जाऊ नकोस.

टेक्सासचा मित्र यायचा म्हणत होता पण बाहेरच्या राज्यातल्यांना इकडे पश्चिमेला २०२५ पासून एल्कच्या आर्चरीचं टॅग (शिकारीचा परवाना) थेट दुकानातून मिळत नाही, सोडतीत नंबर लागावा लागतो, त्यामुळे तो राहिला. म्हणून खेपांना माणूस कोण हा प्रश्न होता, आणि तुम्ही दोघं "मेसेज कर, चार तासात पोचतो" म्हणालात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने हे म्हणावं. मी बोलावणार नाही असं तेव्हा म्हटलं होतं, आता बोलावेन असं वाटतंय, आधीच सांगून ठेवतो.

परवा पहाटे निघतोय, एक रात्र वर नुसती झोपायला, हवेची सवय व्हावी म्हणून. तुमच्या चार गेम बॅगा (मांस ठेवायच्या कापडी पिशव्या) घेतल्यात, वापरल्या नाहीत तरी धुवूनच परत देईन. गाडी कुठे लावणार, तंबू कुठे, कुठल्या दिवशी कुठल्या दरीत, सगळं त्या कागदावर लिहिलंय, इनरीचवरून (सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र) रोज रात्री आठला मेसेज येईल. सलग दोन रात्री आला नाही तर शेरीफला फोन. कागद फ्रिजवर लावलाय ना? फोटो पाठवा.

तुमचा,
पिठीवाला