स्टील गिटारचा नट: सपाटी तारांची हवी, खाचांची नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुनी स्टील गिटार दुरुस्तीला गेली की 'तारा फार वर आहेत' म्हणून आधी नटवरच, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या तुकड्यावरच, कानस चालते. या वाद्यात तार पडद्यावर दाबायची नसते, वरून पोलादी बार सरकवायचा असतो. तारा खालच्या खुणांच्या पट्टीपासून सुमारे १० मिमी उंच असणं हा तिथे दोष नाहीच. साध्या गिटारच्या हिशेबाने नट घासला की बार पट्टीवर खडखडतो आणि वाद्य बाद होतं.

दुसरी चूक खाचांची. बार सरळ असतो, म्हणून तारांचे माथे एका रेषेत हवेत. समजा पहिली तार ०.३८ मिमी आणि सहावी ०.९१ मिमी जाड आहे. खाचांचे तळ एका पातळीत ठेवले, तर पहिलीचा माथा ०.५३ मिमी खाली राहतो. बार तिला नीट टेकत नाही, ती झिणझिणते. वाजवणारा जोर लावतो, मग जाड तारा चढ्या बोलतात. म्हणून सहावीची खाच पहिलीपेक्षा तेवढीच खोल हवी. नटचा माथा सपाट ठेवून प्रत्येक तार ०.२ मिमीच्या आसपास वर दिसू द्यावी. नटजवळ तारांवर पोलादी पट्टी आडवी ठेवून मागे दिवा धरला की कुठल्या तारेच्या आणि त्या पट्टीच्या फटीतून उजेड येतो ते लगेच कळतं. घोडीकडेही हेच पाहावं, कारण एक बाजू बरोबर असून भागत नाही.

नट बदलायचाच असेल तर आधी जुन्याची उंची, तारांमधलं अंतर आणि पुढच्या कडेची जागा व्हर्निअरने मोजून लिहून ठेवावी. तारा एकदम न कापता थोड्या थोड्या सैल कराव्यात. नटच्या कडेने लाखेवर धारदार पात्याची रेघ ओढावी, नाहीतर नटबरोबर रंगाचा पापुद्राही येतो. मग लाकडी ठोकळा लावून बाजूने हलके ठोकावं. बेकेलाइटच्या गिटारवर मात्र ठोकणं नकोच, ते तडकतं. नवा तुकडा हाडाचा असो वा पितळेचा, आधी हव्या उंचीपेक्षा १ मिमी जास्त उंच ठेवून मग घासत हळूहळू उतरवावा.

खाच तारेपेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी रुंद असावी. अरुंद खाच तार चिमटते. खुंटी पिळताना 'टुक्' असा आवाज येऊन स्वर उडी मारतो. खाचेचा उतार खुंट्यांकडे हवा आणि तार घोडीकडच्या कडेवरच टेकायला हवी. ती मागे टेकली की तंबोऱ्याला शोभणारी जवारी इथे नको तिथे सुरू होते, शिवाय लांबी बदलून पट्टीवरच्या खुणा चुकतात. बारावी खूण नट आणि घोडीच्या बरोबर मधोमध यायला हवी.

खाच खोल गेलीच, तर हाडाची पूड आणि सुपरग्लू भरून तात्पुरतं काम भागतं. गुंडाळीची जाड तार ते पुन्हा कापते. सगळा नटच बुटका झाला असेल तर खाली पितळेच्या पत्र्याची पट्टी सरकवणं बरं.

पेडल स्टीलवर, म्हणजे पायातल्या पेडलने तारांचा स्वर बदलणाऱ्या स्टील गिटारवर, नटऐवजी फिरती चाकं असतात. पेडल सोडल्यावर स्वर मूळ जागी येत नसेल, तर कानस घेण्याआधी चाक अडकलंय का पाहावं. ते लायटरच्या पेट्रोलने धुऊन आसावर पातळ तेलाचा एक थेंब द्यावा. जास्त तेलाने धूळ बसते आणि चाक पुन्हा अडकतं.

आपला,
तंतुवाद्यं दुरुस्त करणारा एक वाचक