जुनं उतरवायला शिकवलंत, म्हणून

स. न. वि. वि.

चालू प्रोग्रॅममध्ये स्विंगच्या (जावातल्या खिडक्या-बटनं बनवायच्या साधनसंचाच्या) घटकाचं वर्तन बदलायचं कसं, एवढंच आम्ही तुम्हाला विचारलं होतं. ‘सेटयूआय वापरा’, म्हणजे नवं रूप-वर्तन चढवणारी मेथड बोलवा, असं सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही उलट विचारलंत, नवं चढवाल, पण जुनं कोण उतरवणार? त्या प्रश्नाबद्दल हे जाहीर आभार. याच वाटेवर अडलेल्यांच्याही उपयोगी पडावं, म्हणून तपशीलही लिहितो.

स्विंगचं बटन स्वतः काहीच रंगवत नाही. दाबलंय की नाही हे मॉडेल सांभाळतं. रंगवणं, माउस आणि कीबोर्ड डेलिगेटकडे, म्हणजे त्या कामांसाठी बटनाला जोडलेल्या वेगळ्या ऑब्जेक्टकडे. सेटयूआय आधी जुन्या डेलिगेटचं अनइन्स्टॉलयूआय बोलावतं, मग नव्याचं इन्स्टॉलयूआय, आणि शेवटी मांडणी व रंगकाम नव्याने करायला सांगतं. क्रम फ्रेमवर्क पाळतं, पण अनइन्स्टॉलयूआयच्या आत काय लिहायचं ते आपल्यावर असतं. तिथे माउस लिसनर (माउसच्या घटना ऐकून प्रतिसाद देणारा ऑब्जेक्ट) काढायचा राहिला, की तोच डेलिगेट तीनदा चढवल्यावर एका क्लिकला तीन प्रतिसाद मिळतात. बघणाऱ्याला वाटतं, माउस बिघडलाय.

लिसनर काढूनही तो निघत नाही, याचं कारण तुमच्यामुळे कळलं. अॅक्शन लिसनरसारखा एकाच मेथडचा लिसनर जोडताना एक मेथड रेफरन्स (मेथडचं नुसतं नाव देऊन बनवलेला लिसनर) आणि काढताना पुन्हा तोच लिहिला, तर दिसायला दोन्ही सारखे, प्रत्यक्षात दोन वेगळे ऑब्जेक्ट. काढणारी मेथड तो सापडला नाही तरी एक्सेप्शन देत नाही, गप्प बसते. म्हणून जोडलेला ऑब्जेक्टच जपून ठेवायचा. तो डेलिगेटच्या फील्डमध्ये ठेवावा, तर दुसरा खड्डा तयार असतो. डेलिगेट पुरवणारं क्रिएटयूआय अनेकदा सगळ्या बटनांना एकच सामायिक डेलिगेट देतं, त्यामुळे दुसऱ्या बटनाचा लिसनर पहिल्याचा पुसून टाकतो. घटकाच्याच क्लायंट प्रॉपर्टीत (घटकाला जोडलेल्या नाव-किंमत नोंदीत) ठेवायचा हा तुमचा तोडगा इतका साधा आहे, की आधी सुचला नाही याची लाज वाटावी.

रंगांचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. डेलिगेटने साधा कलर ऑब्जेक्ट लावला, की पुढचा डेलिगेट त्याला प्रोग्रॅमरने मुद्दाम दिलेला रंग समजतो आणि हात लावत नाही. जुना रंग नव्या रूपात तसाच चिकटून राहतो. कलरयूआयरिसोर्स (डेलिगेटने दिलेला, अशी खूण असलेला रंग) लावला, तर तो बदलायला मोकळा आहे हे पुढच्याला कळतं. फॉन्ट आणि बॉर्डरचंही तसंच.

अपडेटयूआय (घटकाला चालू लुक अँड फीलचा, म्हणजे रूपसंचाचा, डेलिगेट चढवणारी मेथड) ओव्हरराइड करणाऱ्यांना तुमचा इशारा इथे मुद्दाम देतो. आपला डेलिगेट फक्त सेटयूआयने लावला, तर लुक अँड फील बदलल्यावर तो जातो, म्हणून अपडेटयूआय ओव्हरराइड करावं लागतं. पण ते जेबटनच्या कन्स्ट्रक्टरमधूनच पहिल्यांदा चालतं, आणि तेव्हा आपल्या सबक्लासचे फील्ड भरलेले नसतात. नल तपासायचं आणि आपल्या कन्स्ट्रक्टरच्या शेवटी अपडेटयूआय पुन्हा बोलवायचं.

अख्ख्या खिडकीचं रूप बदलताना अपडेटकम्पोनंटट्रीयूआय पुरतं, पण झाडात, म्हणजे खिडकीतल्या घटकांच्या रचनेत, असलेल्या घटकांपुरतंच. एकदा बनवून फील्डमध्ये ठेवलेला फाइल चूझर बंद असताना कुठल्याच झाडात नसतो, तो जुन्या रूपातच उघडतो. त्याच्यासाठी हीच मेथड वेगळी बोलवायची. आणि हे सगळं इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर, म्हणजे स्विंगची कामं जिथे चालतात त्या थ्रेडवर. हे पुन्हा सांगायला नको, तरी सांगतो.

तुमचा सर्वांत मोलाचा सल्ला मात्र डेलिगेटला हातच लावू नका हा होता. क्लिकनंतर काय व्हावं एवढंच बदलायचं असेल, तर सेटअॅक्शन (बटनाला अॅक्शन, म्हणजे क्लिकवर चालणारं काम, जोडणारी मेथड) पुरे. जुनी अॅक्शन ते स्वतःच काढतं. फक्त बटनावरचा मजकूर, टूलटिप आणि चालू-बंद स्थितीही अॅक्शनमधून येते, आणि नल दिलं तर मजकूर पुसला जातो. मजकूर आपलाच ठेवायचा असेल, तर आधी सेटहाइडअॅक्शनटेक्स्ट खरं करायचं, मग अॅक्शन लावून शेवटी मजकूर द्यायचा. काही काळ क्लिक अडवण्यासारख्या कामांना जावा 7 पासूनचा जेलेयर (घटकावर चढवायचं आवरण) बरा, मात्र त्याचा इव्हेंट मास्क (कोणत्या घटना त्याच्याकडे याव्यात हे ठरवणारा आकडा) अनइन्स्टॉलयूआयमध्ये शून्यावर आणायला विसरू नये.

तुमच्या सांगण्यात आम्ही एक भर घातली आहे. बटनावरचे माउस लिसनर आणि प्रॉपर्टी चेंज लिसनर मोजायचे, दोन डेलिगेटची दहा वेळा अदलाबदल करून मूळ डेलिगेटवर परत यायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा वाढला, तर टेस्ट नापास. यात काही निसटत असेल, तर जरूर कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
स्विंगमध्ये काम करणारे काही प्रोग्रॅमर