जनरेट केलेल्या फाइलीत हात घालू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन अर्जात एक नवा रकाना वाढवायला पोर्टलवाल्यांना महिनोन्‌महिने का लागतात, असे लोक नेहमी विचारतात. त्याच्या एका कारणाकडे सहसा कोणी बघत नाही. दुसऱ्या यंत्रणेशी बोलणारा कोड हल्ली बहुधा हाताने लिहीत नाहीत. सेवेशी कसे बोलायचे याचे वर्णन करणाऱ्या डब्ल्यूएसडीएल किंवा ओपनएपीआय फाइलवरून टूलच तो काढून देते, म्हणजे जनरेट करते. इथले बदल पुढच्या वेळी पुसले जातील, अशी सूचना बहुतेकदा जनरेट झालेल्या फाइलच्या माथ्यावरच असते. तरी व्हॅलिडेशनच्या (भरलेली माहिती तपासण्याच्या) चार ओळी तिथेच घुसडल्या जातात. मग सेवा बदलली की पुन्हा जनरेट करायला कोणी धजत नाही.

दोष एकट्या डेव्हलपरचा नाही. टूलने जागाच सोडली नसेल तर तो लिहिणार कुठे? मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये २००५ साली पार्शल क्लास, म्हणजे एकाहून अधिक फाइलींत विभागून लिहिता येणारे क्लास, आले आणि ही अडचण बरीचशी सुटली. तिथल्या एसव्हीसीयुटिल या टूलने काढलेले क्लास पार्शल असतात. त्याच प्रोजेक्टात, त्याच नेमस्पेसमध्ये, त्याच नावाचा क्लास वेगळ्या फाइलीत लिहायचा आणि आपले सगळे तिथे ठेवायचे. सर्व्हिस रेफरन्स (म्हणजे हा जनरेट केलेला कोड) कितीदा अपडेट केला तरी ती फाइल शाबूत राहते.

पण यात एक खोच आहे. सेवेकडून आलेल्या माहितीतून ऑब्जेक्ट बनवणारा डेटाकॉन्ट्रॅक्टसीरियलायझर हे करताना कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्टची सुरुवातीची मांडणी करणारा कोड, चालवतच नाही. त्यामुळे आपल्या फाइलीत घोषित करतानाच ‘न्यू’ केलेली लिस्ट सेवेकडून आलेल्या ऑब्जेक्टात नल, म्हणजे अस्तित्वातच नसलेली, निघते. युनिट टेस्टमध्ये (कोडच्या छोट्या चाचणीत) ऑब्जेक्ट हाताने तयार केलेला असतो, म्हणून तिथे सगळे हिरवे दिसते आणि प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरात) गेल्यावर फुटते. उपाय सोपा आहे: स्ट्रीमिंगकॉन्टेक्स्ट हा एकच पॅरामीटर घेणारी मेथड लिहून तिला ऑब्जेक्टात माहिती भरण्याआधी चालवण्याची खूण, म्हणजे ऑनडीसीरियलायझिंग अ‍ॅट्रिब्यूट लावायचे आणि लिस्ट तिथे तयार करायची. एक्सएमएलसीरियलायझर हा दुसरा सीरियलायझर मात्र कन्स्ट्रक्टर चालवतो, तेव्हा आपल्याकडे कोणता आहे ते आधी बघावे.

जावात पार्शल क्लास नाहीत. तिथे ओपनएपीआय फाइलवरून कोड काढणाऱ्या ओपनएपीआय जनरेटरला स्प्रिंग या फ्रेमवर्कसाठी ‘डेलिगेटपॅटर्न’ हा पर्याय द्यावा. कंट्रोलर (विनंत्या स्वीकारणारा क्लास) टूलचा राहतो आणि तो ज्याच्याकडे काम सोपवतो तो डेलिगेट इंटरफेसचा क्लास आपण लिहितो. मेव्हन या बिल्ड टूलमध्ये जनरेट झालेला कोड टार्गेट फोल्डरखालीच राहू द्यावा. ‘क्लीन’ केले की तो उडतो, त्यामुळे कोणाला त्यात हात घालायचा मोह होत नाही. जनरेटर ज्या साच्यांवरून कोड काढतो ती मस्टाश टेम्प्लेट बदलायचीच वेळ आली तर लागेल तेवढीच फाइल कॉपी करावी. सगळा संच उचलला की टूलची आवृत्ती बदलताना तो आपल्यालाच निस्तरावा लागतो. टूलने हात लावू नये अशा फाइलींची यादी असलेल्या इग्नोर फाइलचा उपाय आम्हांला पसंत नाही. तीत नोंदवलेली फाइल टूल सोडून देते, पण मग सेवेतला बदलही त्या फाइलीपर्यंत पोहोचत नाही आणि कोणाला पत्ता लागत नाही.

कंत्राट देणाऱ्या खात्यांनी काम ताब्यात घेताना एक चाचणी सक्तीची करावी. ठरलेल्या आवृत्तीच्या टूलने सगळा कोड पुन्हा जनरेट करायला लावावा आणि बिल्ड चालवावा. जनरेट केलेला कोड रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवला असेल तर गिट डिफ, म्हणजे आधीच्या कोडशी दिसणारा फरक, रिकामा आला पाहिजे. जावाच्या फाइलींत ओपनएपीआय जनरेटर वेळेचा शिक्काही मारतो. तो ‘हाइडजनरेशनटाइमस्टॅम्प’ या पर्यायाने आधी बंद करावा, नाहीतर डिफ कधीच रिकामा यायचा नाही.

– काही सॉफ्टवेअर अभियंते, पुणे