‘मालक, बाहेर जाऊ?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरात माझं लहानसं लेथचं वर्कशॉप आहे. एका बालगृहातून अठरा पूर्ण करून बाहेर पडलेला मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं कामाला लागला. आयटीआयचा टर्नर, हात चांगला. पण पहिले पंधरा दिवस लघवीला जायचं झालं तरी मशीन बंद करून माझ्यासमोर उभा राहायचा, ‘मालक, बाहेर जाऊ?’ पहिला पगार चार दिवसांत उडाला. बूट, मोबाईलचं कव्हर, दोस्तांना मिसळ. मी तापलो. त्याला घेऊन आलेल्या समाजसेविका ताई म्हणाल्या, ‘काका, त्यानं आजवर मेथीची पेंडीसुद्धा स्वतः विकत घेतलेली नाही. पैसा संपतो हे त्याला कळणार कुठनं?’

मग सुट्टीच्या दिवशी त्या त्याला लक्ष्मीपुरीच्या बाजारात न्यायच्या आणि वहीत हिशेब लिहून घ्यायच्या. खोलीसाठी तर त्यांनी किती उंबरे झिजवले असतील! आईवडील काय करतात, गाव कुठलं, या दोन प्रश्नांवरच घरमालक मागं फिरायचे. आधारवर पत्ता संस्थेचा. शेवटी ताईंनी स्वतःची ओळख दिली तेव्हा जवाहरनगरात खोली मिळाली.

वर्षभरात ताईंचं कंत्राट संपलं. त्यांच्या जागी बरेच महिने कुणी आलं नाही. मध्यंतरी पोरगं तापानं फणफणलं, मी सीपीआर रुग्णालयात नेलं. नातेवाइकाचा नंबर विचारला तर त्यानं ताईंचा दिला. नोकरीत नसतानाही त्या तासाभरात आल्या.

कायदा याबाबतीत मागं नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात अठरा ते एकवीस वयाच्या अशा मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे. 2016 च्या आदर्श नियमांत तर मुलगा संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी समाजसेवकानं किंवा परिविक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बालकल्याण समितीला द्यायचा, सहा-आठ जणांना मिळून तात्पुरतं घर द्यायचं, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक द्यायचा, एवढं बारकाईनं लिहिलंय. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना 4000 रुपयांची सोयही आहे. पण अर्ज करायचा असतो हे अठरा वर्षांच्या पोराला सांगणार कोण? ज्यानं सांगायचं तो माणूसच अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत बारा तालुके आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात मोजकी माणसं. बालसंगोपन योजनेतून नातेवाइकांकडं वाढणाऱ्या मुलांचंही तेच. अठराला अनुदान थांबतं आणि चुलत्याचा सूर बदलतो.

आपण कोल्हापूरकर हाताचे सढळ, यात वाद नाही. वाढदिवस, पुण्यतिथी, अनाथ मुलांना जेवण ठरलेलं. (आमच्या पोराला विचारलं तर म्हणतो, जिलेबी नको, इतकी खाल्लीय.) पण जेवण घालून फोटो काढणाऱ्यांपैकी एकानं तरी त्याला खोली भाड्यानं दिली असती काय?

शाहू महाराजांचं उदाहरण ऊठसूट देऊ नये, हे मला कळतं, तरी देतो. आई लहानपणीच गेलेली. 1884 मध्ये दत्तक आले, दोनच वर्षांनी वडील गेले. 1894 मध्ये कारभार हाती येईपर्यंत फ्रेझरसाहेबांसारखा शिक्षक सोबत होता. गादीच्या वारसालाही एवढी तयारी लागली. आमच्या पोरांच्या हाती आपण एक दाखला देतो आणि फाटक लावून घेतो.

माझी महिला व बालविकास विभागाकडं एकच मागणी आहे. मूल सोळाचं झाल्यावर त्याला नेमून दिलेली समाजसेवक व्यक्ती ते एकवीसचं होईपर्यंत बदलू नये, आणि त्यासाठी ही पदं कायम करावीत. रक्कम वाढवली तर उत्तमच, पण आधी माणूस.

आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदार मित्रांनो, तुमच्याकडंही जागा असतात. माझ्याकडं आत्ता दोन आहेत. खोलीच्या करारावर साक्षीदार म्हणून मी सही करीन. मात्र मुलाबरोबर ताईंसारखं कुणीतरी आलं पाहिजे, आणि पंधरा दिवसांनी परत येऊन ‘काय म्हणतोय?’ असं विचारलं पाहिजे.

आपला,
एक वर्कशॉपवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर