आई-बाबा, मी याच वॉर्डात राहणार आहे

कोल्हापूर,
18 मे

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, गडहिंग्लजच्या दवाखान्यात जागा निघाल्याचं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत. पगार जवळपास तेवढाच, रात्रपाळी कमी, घर एसटीनं तासाभराच्या आत. आईचं म्हणणं वेगळं होतं. "त्या पोरांच्यात राहून किती जीव झुरवून घेणार आहेस?" तेव्हा मी ड्युटीला निघाले होते, धड काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

मी गडहिंग्लजला येणार नाही. मुलांच्या कॅन्सर वॉर्डातच राहणार आहे. तुम्हाला वाईट वाटेल हे कळतं, म्हणून कारणंही सगळी सांगते.

गावात सगळ्यांना वाटतं की या वॉर्डात पोरं मरायला येतात. आमच्याकडं सगळ्यात जास्त मुलं येतात ती रक्ताच्या कॅन्सरची, त्यातही ज्याला आम्ही एएलएल म्हणतो त्याची. हा आजार बरा होतो, बाबा. अडीच वर्षांच्या आसपास उपचार चालतात, पण बरा होतो. मुलांचे सगळे कॅन्सर धरले तरी श्रीमंत देशांत दहातली आठ मुलं वाचतात आणि पुष्कळशा गरीब देशांत तीनसुद्धा वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली ठरवलं की 2030 पर्यंत जगात निदान 60 टक्के मुलं तरी वाचली पाहिजेत. एएलएलची औषधं बहुतेक तीच आणि जुनीच आहेत. मुलं हातची जातात ती उशिरा आल्यानं, मधल्या तापानं, नाहीतर उपचार अर्धवट सोडल्यानं. या तिन्ही ठिकाणी डॉक्टरांच्या बरोबरीनं आम्ही उभे असतो.

तापाचं घ्या. केमोनं पांढऱ्या पेशी अगदी तळाला जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेल्या की साधा जंतूसुद्धा आवरत नाही. अशा मुलाला 100.4 ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे. मागच्या पावसाळ्यात पन्हाळ्याकडचे एक वडील मध्यरात्री मोटरसायकलवरून पोराला घेऊन आले, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून. गेटवरच्या मामांनी फाईलवरची लाल पट्टी बघितली आणि केसपेपरच्या खिडकीकडं न पाठवता सरळ लिफ्टमध्ये घातलं. "कागद मागनं करू, आधी वर न्या." वर येईपर्यंत त्यांचा फोन आला होता, मी सलाईन जोडून तयार होते. मूल वाचलं. डिस्चार्ज कार्डावर मामांचं नाव कुठंच नसतं, पण त्या रात्री पहिला उपचार त्यांनीच केला असं मी मानते.

आई, आपल्या तुळशीच्या कट्ट्याजवळ सदाफुली आहे ना, तिच्यापासून विन्क्रिस्टीन नावाचं औषध निघतं. आमच्या वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येक एएलएलच्या पोरानं ते घेतलेलं असतं. या झाडानं साखर उतरते असं लोक म्हणायचे, म्हणून 1950 च्या दशकात कॅनडात त्याचा अर्क तपासला. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, आणि त्या शोधातून पुढं ही औषधं आली. (बाबा, तुमच्या शुगरसाठी कुणी सदाफुलीची पानं चावायला सांगितली तर अजिबात चावू नका. ते विष आहे. औषध होतं ते मोजून दिल्यावर.)

हे औषध फक्त शिरेतून द्यायचं. शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. आणि ज्या मुलाला ते द्यायचं असतं त्याच मुलाला पाठीच्या कण्यातही एक औषध द्यायचं असतं, हळदीसारखं पिवळं मेथोट्रेक्सेट. चुकून विन्क्रिस्टीन पाठीत गेलं तर मूल हाताला लागत नाही. म्हणून आमच्याकडं ते सिरिंजमध्ये भरतच नाहीत, छोट्या सलाईनच्या पिशवीत घालतात, आणि पाठीतलं औषध असलेल्या ट्रेजवळ ती पिशवी येऊ देत नाहीत. दोघी सिस्टर समोरासमोर उभ्या राहून मोठ्यानं वाचतो: मुलाचं नाव, नंबर, औषध, किती, कुठून. तेवढ्यात कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. दूध संस्थेत फॅट लावताना तुम्ही कुणाशी बोलत नव्हता, अध्यक्ष आले तरी मान वर करत नव्हता, तसंच. ही शिस्त मी तुमच्याकडं बघूनच शिकले.

विन्क्रिस्टीननं काही पोरांच्या पायातली ताकद जाते. भुदरगडकडची एक आठ वर्षांची पोरगी होती, नाव लिहीत नाही, वॉर्डातली नावं आम्ही बाहेर नेत नाही. तिचं उजवं पाऊल खाली लोंबायला लागलं. चालताना चवडा फरशीला घासायचा. डॉक्टरांनी डोस कमी केला, फिजिओच्या मॅडमनी पायाला आधाराची पट्टी दिली आणि टाचांवर चालायचा व्यायाम सांगितला. पोरगी ऐकेना. स्टेरॉइडनं पोरं आधीच चिडकी होतात, तोंड सुजतं, आरशात बघवत नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मॅडमनी तिच्या आईला विचारलं, शाळेत हिला काय आवडायचं? "लेझीम," आई म्हणाली, "पंधरा ऑगस्टला पुढच्या रांगेत असती." दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मामांनी त्यांच्या तालमीतनं एक लेझीम आणली. सिस्टर इन्चार्जनी ती स्पिरिटनं पुसून घेतली, मगच हातात दिली. मॅडम स्वतः तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि कॉरिडॉरमध्ये पावलं सुरू केली. चार पावलांत पोरगी दमली, सलाईनच्या स्टँडला धरून उभी राहिली. पण चवडा उचलल्याशिवाय लेझमीची उडी बसत नाही, हे तिला माहीत होतं. ती तो उचलायला लागली. रोज तेवढीच वेळ, सकाळच्या राउंडनंतर. बाकीची पोरं दाराशी येऊन बसायची. पुढं कित्येक आठवड्यांनी पट्टी निघाली. फॉलोअपला आली की आता ती जिन्यानं वर येते, लिफ्टनं नाही.

आई, तू पाठवलेला घनसाळ तांदूळही इथं कामी येतो. केमोनंतर तोंड सोलवटतं, पाणीसुद्धा गिळवत नाही. वॉर्डात काम करणाऱ्या मावशी मीठ आणि खायच्या सोड्याच्या पाण्यानं पोरांकडून गुळण्या करून घेतात, तासातासाला. कुठलं पोर गुळणी करतंय आणि कुठलं नुसतं तोंड ओलं करतंय, हे त्यांना लांबून कळतं. बरं वाटायला लागलं की पहिल्यांदा मऊ भात देतात. एका पोरानं दोन दिवस काही घेतलं नव्हतं, तेव्हा डाएटिशियनला विचारून मावशींनी तुझा घनसाळ पॅन्ट्रीत शिजवला. झाकण काढलं आणि वासानं ते पोर उठून बसलं. त्याची आई पदरानं डोळे पुसत होती. त्या दिवशी तू इथं पाहिजे होतीस.

आता सगळ्यात जास्त चीड येते ती गोष्ट सांगते. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. पोर हसायला, खायला लागतं. आणि तिथंच कितीतरी घरं उपचार थांबवतात. राहिलेले दोन वर्षांहून जास्त काळाचे उपचार लपलेल्या पेशींसाठी असतात, हे समोर खेळणाऱ्या पोराकडं बघून पटत नाही. चीड येते ती आईबापांची नाही. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत औषधोपचार बसतात, योजनेचा आरोग्यमित्र रेशनकार्ड-आधार घेऊन सगळं ऑनलाइन करून देतो, पण बुडालेला रोज, एसटीचं भाडं, घरी ठेवलेली दुसरी लेकरं यांचं काय? यंदा बीडकडच्या ऊसतोड टोळीतलं एक पोर होतं. गळीत हंगाम संपला, टोळी परत निघाली. बापानं मुकादमाकडून उचल घेतलेली, थांबणं त्याच्या हातात नव्हतं. आमच्या समाजसेविका मॅडम कारखान्याच्या तळावर गेल्या, मुकादमाशी बोलल्या. बाप टोळीबरोबर गेला, आई आणि पोर मागं राहिले. मॅडमनी त्यांच्यासाठी दवाखान्याजवळ खोली बघितली. ते पोर अजून उपचारावर आहे. मला तर वाटतं, अशा घरांना बुडालेला रोज सरकारनं दिलाच पाहिजे, औषधाइतकाच तोही उपचाराचा भाग आहे.

पूर्वी आपल्याकडं मोठा आजार म्हणजे मिरज, आणि मिरजेच्या पुढं मुंबईचं टाटा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायचं आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघायचं. अवघड मुलांना अजूनही तिकडं पाठवतो. पण पुष्कळ उपचार आता इथं होतात, त्यामुळं बाप सकाळी दूध घालून दुपारपर्यंत पोराजवळ येऊ शकतो.

पावसाळ्यात आमचं वेगळंच काम सुरू होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, हे तुम्ही टीव्हीवर बघता. आम्ही तो आकडा बघून फोन लावायला बसतो. शिरोळ, करवीर, हातकणंगले, नदीकाठच्या गावांतली जी मुलं उपचारावर आहेत त्यांना सांगायचं, रस्ता बंद व्हायच्या आत या. ज्यांच्या घरी रोज रात्री घ्यायच्या गोळ्या चालू असतात त्यांना जास्तीच्या गोळ्या देऊन ठेवायच्या. 2019 च्या पुरात हायवेच बंद झाला, तेव्हापासून जुन्या सिस्टर हे काटेकोरपणे करतात. मी त्यांच्याकडून शिकले. यंदाची यादी माझ्याकडं आहे.

सगळी पोरं वाचत नाहीत, आई. हे तुझ्यापासून लपवत नाही. तसा दिवस आला की मी ड्युटी संपेपर्यंत काम करते, मग कपडे बदलायच्या खोलीत मैत्रिणीजवळ बसते. आम्ही बोलतो. जेवते, झोपते. तू म्हणतेस तसा जीव झुरतो, पण तो गडहिंग्लजला येऊनही झुरला असता, कारण ही पोरं माझ्या डोक्यातून गेली नसती.

बाबा, आता तुमच्याकडं काम आहे. आपल्या शेजारच्या वाडीतलं एक पोर जूनमध्ये शाळेत परत येतंय. त्याच्या वडलांनीच मला सांगितलं, "तुमच्या बाबांचा शब्द शाळेत चालतो, त्यांना सांगा." गावच्या यात्रेत एका बाईनं आपली पोरगी त्याच्याजवळून ओढून नेली. पोर तेव्हापासून शाळेचं नावच काढत नाही. तुम्ही मुख्याध्यापकांना भेटा आणि स्पष्ट सांगा की कॅन्सर शिवून, एका ताटात जेवून, एका बाकावर बसून लागत नाही. भीती उलट आहे, इतरांची दुखणी त्याला लागतात. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी त्याच्या घरी फोन गेला पाहिजे, दुसऱ्या दिवशी नको. त्याला टोपी घालून बसू द्यावं. घरून आणलेलं उकळलेलं पाणी पिऊ द्यावं. ताप वाटला तर क्रोसिन देऊन बसवून ठेवू नये, वडलांना बोलवावं. खेळू मात्र द्यावं, "तू बस" असं म्हणून कडेला ठेवू नये. डॉक्टरांची चिठ्ठी मी सोबत पाठवते आहे.

आणि संस्थेच्या पोरांना रक्तदानाचं विचारा. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, आणि प्लेटलेट्स पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळं साठवूनही ठेवता येत नाहीत. एकदम पन्नास जण नकोत. दर आठवड्याला चार-पाच जण आले तर आम्हाला जास्त उपयोग होतो. रक्तपेढीत कुणाला भेटायचं ते मी फोनवर सांगते.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात मी सुट्टी मागितली आहे. मिळाली तर आपण दोघं मिळून मुख्याध्यापकांकडं जाऊ. नाही मिळाली तर माझ्यासाठी थांबू नका. गडहिंग्लजच्या डॉक्टरांना माझा नमस्कार कळवा, आणि नाही म्हणून सांगा.

तुमची,
सुमी

ता. क. घनसाळ संपत आलाय. आई, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाच किलो पाठव.