गुंड्याच्या डॉक्टरांना

डॉक्टर,

त्या रात्री तुम्ही निघालात तेव्हा मी साधं थँक्यूही म्हटलं नाही. औषधाचे किती झाले एवढंच विचारलं. गेटापर्यंत सोडायलाही आले नाही. आज तेरावा दिवस. कुत्र्याचं तेरावं कोणी घालत नाही, पण आईने सकाळी शिरा केला आणि कशासाठी ते सांगितलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

गुंड्या आमच्याकडे आला 2011 च्या पावसाळ्यात. बाबा एसटीत कंडक्टर. मेढा स्टँडवर गाडीखाली कुडकुडत बसलेलं पिल्लू त्यांनी खाकी शर्टात घालून साताऱ्याला आणलं. आई म्हणाली, घरात कुत्रं चालणार नाही. तेरा वर्षं ते घरातच राहिलं. सोवळं देवघरापुरतं उरलं, आणि गुरुवारी दत्ताच्या फोटोला हार घालताना आई त्यातली चार कुत्री मोजून ‘हे पाचवं’ म्हणायला लागली. 2019 मध्ये बाबा गेले. त्यानंतर कितीतरी महिने रात्री साडेनऊला, त्यांच्या ड्युटीवरून यायच्या वेळेला, गुंड्या गेटापाशी जाऊन बसायचा. दहा वाजले की आपला आपण आत यायचा. त्याला कोणी बोलावलं नाही, हाकललंही नाही.

हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथे सांगून पाहिलं होतं. तिथे एसी होता, भिंतीवर परदेशी कुत्र्यांची गुबगुबीत पोस्टरं होती. नऊ दिवस सलाईन लावलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, दीडच्या आत हवं, ते नऊच्या वर. रक्तात हा आकडा चढलेला दिसतो तोवर मूत्रपिंडाचं तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं, हे मला तुमच्याकडून कळलं. म्हणजे पहिला रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी कोणीतरी मला बाजूला घेऊन खरं सांगू शकलं असतं. त्याऐवजी रोज ‘बघू या, अजून तीन दिवस’. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकायचे आणि तिथला पोरगा साखळीने ओढून टेबलापर्यंत न्यायचा. मी ओरडले तर म्हणे, “गावठी आहे मॅडम, चिवट असतात.” बिलं ठेवली आहेत मी. कधी राग कमी झालाच तर बघायला.

तुमचा नंबर दूधवाल्या काकांनी दिला. गाई-म्हशींच्या डॉक्टर कुत्र्यासाठी येतील का, अशी शंकाच होती. तुम्ही कुठेतरी म्हैस अडली होती तिथून थेट आलात. गमबूट दारात काढलेत, हात धुतलेत आणि गोधडीशेजारी जमिनीवर बसलात. त्याच्या तोंडाला तेव्हा इतका उग्र वास येत होता की आम्ही घरचेही नकळत मान वळवायचो. तुम्ही नाही वळवलीत. बराच वेळ नुसता कान चोळत राहिलात. मग म्हणालात, “आज नको असेल तर मी परत जाते. पण याच्याकडे दोन-तीन दिवस आहेत, आणि ते चांगले नसतील.” नऊ दिवसांत आम्हाला कोणी सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य.

आईचं अडलं होतं पापापाशी. तेरा वर्षं भाकरी घातली त्याला आता सुई टोचून मारायचं? तुम्ही तिला समजावायच्या भानगडीत पडला नाहीत. “काकू, पाप असेल तर ते माझ्या खात्यावर घ्या,” एवढंच म्हणालात. आई उठली, त्याच्या तोंडाला दुधाचं बोट लावलं आणि पुन्हा काही बोलली नाही.

पुढचं लिहीत नाही. डोळे मिटणार नाहीत, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटेल, तो श्वास नसतो, घाबरू नका, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं.

मग तुम्ही स्टेथोस्कोप काढलात. पावसातून आलेला, गार. त्याची चकती दोन्ही तळहातांत धरून चोळलीत, तोंडाजवळ नेऊन तिच्यावर वाफ सोडलीत, आणि मग गुंड्याच्या छातीवर ठेवलीत. तो गेला होता हे तुम्हाला माहीत होतं. आम्हालाही कळलं होतं.

तोवर मी रडले नव्हते.

सवय असेल तुमची. रोज वासरांना, शेरडांना तपासताना हात आपोआप तसा जात असेल. पण जिवंतपणी नऊ दिवस त्याच्या छातीवर गार चकती आदळत होती आणि तो दर वेळी दचकायचा, हे मी पाहिलंय. माणुसकी हा शब्द मला हल्ली जरा आगाऊ वाटतो, आपणच आपल्याला दिलेल्या सर्टिफिकेटासारखा. तुम्ही जे केलंत त्याला दुसरा शब्द सापडत नाही. कोणी बघणार नव्हतं, ज्याच्यासाठी केलंत त्याला कळणार नव्हतं. अशी माणसं असतात, बरीच असावीत. त्यांची पोस्टरं नसतात, म्हणून नंबर दूधवाल्याकडून मिळवावा लागतो.

आणि खड्डा. सीताफळाखाली भाऊ आणि काका टॉर्च लावून खणत होते, मुरूम लागला होता, कमरेपर्यंत झाला तेव्हा भाऊ थांबला. तुम्ही म्हणालात, अजून हातभर जाऊ द्या. औषध अंगात राहतं, एखाद्या कुत्र्याने उकरून तोंड लावलं तर तेही मरेल. मला तेव्हा रागच आला होता. आमचा जीव जातोय आणि ह्यांना गल्लीतल्या कुठल्या कुत्र्याची पडलीय. आता त्याच कुत्र्यांना आई रात्री उरलेली भाकरी घालते, आणि मला ते वाक्य आठवतं.

तुमचा रेनकोट आमच्याकडेच राहिलाय. निघताना पाऊस उघडला होता, विसरलात. आईने तो धुऊन ठेवलाय, उसवलेली बाही सुईदोऱ्याने शिवलीय. रेनकोट असा शिवला तर टाक्यांतून पाणी झिरपतं, असं मी सांगून पाहिलं. ती ऐकत नाही. न्यायला याल तेव्हा जेवूनच जा.