शिक्का बघू की माणूस?

प्रिय गड्या,

दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही, राग धरू नकोस. बीपी ठीक आहे, आईचा गुडघा तसाच.

परवा आठवडी बाजारात तुझ्या काकांची वांगी न घेताच मी पुढं गेलो. नात वरणभात खायला लागली म्हणून यवतमाळहून सेंद्रिय डाळ आणली होती, 'जैविक भारत'चा सरकारी शिक्का असलेली. ते पाकीट पिशवीतून दिसत होतं. काका एवढंच बोलले, "आमची तूर नाही चालत का बाबू आता?"

दिवाळीत आपण यावरच भांडलो होतो. तू म्हणायचास शिक्का बघ, मी म्हणायचो माणूस बघ. आणि मीच शिक्क्याची डाळ घेऊन काकांसमोर उभा!

पण आदल्या संध्याकाळी मी त्यांना वांग्यावर फवारताना पाहिलं होतं. पाठीवर पंप, तोंडाला नुसता दुपट्टा. धुऱ्यावरच्या डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची खूण. फवारल्यावर तोडणीला किती दिवस थांबायचं ते डब्यावर असतं, पण त्या बारीक अक्षरांत काकांना काय दिसणार? सकाळी तीच वांगी बाजारात. त्यांना तरी काय बोलू? अळी शेंड्यात शिरली की फळही पोखरते, आणि भोक दिसलं की गिऱ्हाईक वांगं परत ठेवतं. (तू तर अळी निघाली की ताटावरून उठायचास, काकू अजून सांगते.)

2017 आठवतं ना? फवारून आलेल्या धाकट्याला मोटारसायकलवर मधे धरून आपण दवाखाना गाठला होता. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. आपला वाचला. म्हणून हे तुलाच लिहितो. पाकिटानं माझी नात सांभाळली, पण काकांच्या पाठीवरचा पंप तिथंच आहे. औषध आज सोडलं तरी शिक्क्याआधी दोन वर्षं काढावी लागतात, तोवर भाव साधाच.

रात्री त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, वांग्याच्या दोन ओळी माझ्यासाठी ठेवा, तिथं फक्त निंबोळी अर्क, 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळ्या. निंबोळ्या मी देतो, भाव तुमचा.

"किडकं निघालं त घेशीन?"

"घेईन."

काका हो म्हणाले नाहीत. तुझं ऐकतात, तू फोन कर. बाकीच्या वावरात फवारताना तरी मास्क अन् हातमोजे घाला म्हणावं.

नवं घर लागलं का? पोरीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

फोन रविवारच्या आत कर, सोमवारी ते पुन्हा पंप भरतील.

तुझाच